दुसऱ्या पानावरचा खुनी

प्रस्तावनेच्या दुसऱ्याच पानावर सरांनी खुन्याचं नाव लिहून टाकलं होतं.

मी कागद टेबलावर आपटले. "अण्णा, संपलं सगळं! दळवी दुसऱ्या पानावरच पकडला गेला!"

अण्णा म्हणजे आमचे मालक, प्रकाशक. ते नुकत्याच छापून आलेल्या कव्हरांवरून मायेने हात फिरवत बसले होते. दचकून म्हणाले, "कोण दळवी? आपल्या बाइंडिंगवाल्याकडचा?"

"कादंबरीतला! वैभवीच्या! वाचकाने तीनशे पानं ज्याला शोधत फिरायचं, त्याला सरांनी हाताला धरून दारात आणून उभा केलाय."

दळवीचं नाव मी तुम्हाला इतकं बिनधास्त का सांगतेय, ते पुढे कळेलच.

मी गिरगावातल्या एका लहान प्रकाशनसंस्थेत संपादक आहे. संपादक म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणारी बाई, असा आमच्या सोसायटीत समज आहे. ते काम मुद्रितशोधक करतात. माझं काम लेखकाला नको ते प्रश्न विचारण्याचं. ही बाई या खोलीत शिरलीच कशी? हा माणूस मागच्या प्रकरणात मेला होता ना? लेखक चिडतात. चिडू देत, त्यासाठीच मला पगार आहे.

वर्षानुवर्षं आम्ही चरित्रं, कवितासंग्रह आणि पाककृती काढत आलो. मी अण्णांच्या मागे भुणभुण लावली होती, की रहस्य, थरार, अद्भुत असं काहीतरी मराठीत नवं काढू या. मुलं ते सगळं इंग्रजीतून वाचतात आणि आपण म्हणतो मुलं मराठी वाचत नाहीत. वाचायला द्या तर खरं! शेवटी अण्णा वैतागून हो म्हणाले. तीन कादंबऱ्या ठरल्या. तिन्ही नवे लेखक.

पहिली वैभवीची रहस्यकथा, ‘वखारीचं मागलं दार’. रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीला आग लागते आणि राखेत मालकाचं प्रेत सापडतं. दुसरी थरारकथा. बंदरात जहाज आत आणणारा एक पायलट आणि ज्याला किनाऱ्याला लागूच द्यायचं नाही असं एक जहाज. तिसरी अद्भुत. समुद्र माणसाचं रूप घेऊन येतो आणि बुजवलेल्या खाड्या परत द्या म्हणून भोईवाड्याच्या कोर्टात दावा लावतो. तिथे असले दावे चालत नाहीत, पण समुद्राला कोण समजावणार! ती संहिता वाचताना मी ऑफिसात एकटीच मोठमोठ्याने हसले होते.

अण्णांची अट एकच होती. "पहिलं चाललं तर पुढची दोन. नाही चाललं तर परत पाककृती."

आणि दुसरी, न बोललेली अट म्हणजे प्रस्तावना.

हे जरा समजावून सांगायला हवं. आपल्याकडे नव्या लेखकाचं पुस्तक एकटंदुकटं बाहेर पडत नाही. कुणीतरी जाणतं माणूस पुढे लागतं. ते वीसेक पानांची प्रस्तावना लिहितात. त्यात कथानक सांगतात, पात्रांची ओळख करून देतात, शेवट कसा साधलाय त्याचं कौतुक करतात आणि लेखकाला शुभेच्छा देतात. वाचनालयवाले आधी प्रस्तावना कोणाची ते बघतात आणि मग पुस्तक घेतात. चरित्राला हे ठीक आहे. चरित्रनायक शेवटी वारतो हे सांगितल्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण रहस्यकथेला? हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. सवयीने प्रस्तावना मागितली, सवयीने सरांनी लिहिली.

सर म्हणजे मानकर सर. मला कॉलेजात मराठी शिकवायचे. आता निवृत्त. समीक्षक म्हणून दरारा असा, की आमचे कवी त्यांना बघून रस्ता बदलतात. प्रस्तावनेचं शीर्षक होतं ‘सज्जनतेचा मुखवटा : एक आकलन’. कोणाच्या सज्जनतेचा, तर दळवीच्या. दळवी हा वखारमालकाचा भागीदार. सगळ्यांना मदत करणारा, गोड बोलणारा. आणि खुनी. वीसच्या वीस पानं त्याच्यावर.

"तेवढं नाव खोडून टाका ना," अण्णा म्हणाले.

"नाव खोडून काय उपयोग? प्रत्येक परिच्छेदात तोच आहे."

"मग प्रस्तावनाच काढा."

मी त्यांच्या हाताखालच्या कव्हराकडे बोट दाखवलं. तिन्ही पुस्तकांची कव्हरं एकदम छापून घेतली होती, स्वस्त पडतं म्हणून. पहिल्यावर ठसठशीत अक्षरांत सरांचं नाव होतं.

अण्णांचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाले, "शुभाबाई, तुमचे सर आहेत. तुम्हीच बघा काय ते."

हे बरं असतं यांचं.

आधी वैभवीला बोलावलं. वैभवी सावंत मूळची मालवणची, आता लालबागला राहणारी. नोकरी विम्याच्या सर्व्हेयरची. म्हणजे कुठे आग लागली की विमा कंपनीच्या वतीने जाऊन बघायचं, काय जळलं, कसं जळलं, आपोआप जळलं की कुणी जाळलं. रे रोडच्या वखारींमधून ती रोज फिरते. नोकरी सांभाळून, सुट्ट्या मोडून तिने ही कादंबरी लिहिली. लग्नकार्यं टाळली, मैत्रिणी तुटल्या. आई रोज विचारायची, "गो, कोणी मारल्यान ता सांग, नायतर जेवाण वाढूचंय नाय." तरी तिने सांगितलं नव्हतं. सख्ख्या आईला सांगितलं नाही, आणि सर गावभर सांगायला निघाले होते.

ती साइटवरून थेट आली. बुटांना राख. मी प्रस्तावना तिच्या पुढ्यात ठेवली आणि रडारडीची तयारी म्हणून पाण्याचा ग्लासही ठेवला. ती शांतपणे वाचत गेली. एका जागी थांबली. तेच पान परत वाचलं.

"हे बघितलंत, ताई?"

"दुसऱ्या पानावर ना? तेच तर! मी सरांशी बोलते, तू—"

"ते नाही. हे. सातव्या पानावर." तिने वाचून दाखवलं. "‘चाणाक्ष वाचकास दळवी हा साठाव्या पानावरच ओळखू येतो, तथापि लेखिकेची शैली त्यास अखेरपर्यंत खिळवून ठेवते.’"

मी ते वाक्य वाचलं होतं. स्तुती म्हणून सोडून दिलं होतं.

"सरांनी नाव फोडलं ते राहू दे हो," ती म्हणाली. आवाज जरा हलला होता. "त्यांना साठाव्या पानावर कळलं. मग उरलेली पानं मी कशाला लिहिली?"

पाण्याचा ग्लास मीच प्यायले.

"मला त्यांना भेटायचंय," ती म्हणाली. "भांडायला नाही. कसं कळलं ते विचारायला."

सर प्रभादेवीला राहतात, देवळाच्या मागच्या गल्लीत. आम्ही गेलो तेव्हा घरभर भानोल्याचा वास सुटला होता. काकूंनी बेसन घालून भाजलेलं कोबी-कोलंबीचं भानोलं ओव्हनमधून नुकतंच काढलं होतं. बशी हातात आली आणि माझं अर्धं अवसान तिथेच गळालं. ज्यांचं खायचं त्यांनाच सांगायचं, की सर, तुम्ही घोळ घातलात!

तरी सांगितलं. सर दुखावले. साहजिक होतं.

"शुभा, तू माझी विद्यार्थिनी. मी काय शिकवलं तुम्हाला? आस्वाद ‘काय झालं’ यात नसतो, ‘कसं झालं’ यात असतो. दशावताराला बसलेल्या पोराटोरांनाही राक्षस मरणार हे ठाऊक असतं. तरी बसतातच ना शेवटपर्यंत?"

मी मान खाली घातली. वैभवीने नाही घातली.

"सर, मी मालवणची. दशावतार बघतच मोठी झाले. राक्षस आल्या आल्या ओरडून सांगतो की मी राक्षस. माझ्या पुस्तकात तो कोण, तेच शोधायचंय."

काकूंनी स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं.

"बरं," सर म्हणाले. "पण प्रस्तावनेतली एक वीट काढली तर अख्खी भिंत येते खाली. ते मी करणार नाही. नको असेल तर परत द्या."

परत द्या! आणि कव्हरांचं काय? पुढच्या दोन पुस्तकांचं काय? मी भानोल्याची बशी खाली ठेवली. वैभवी मात्र खुर्ची पुढे ओढून बसली.

"सर, साठाव्या पानावर तुम्हाला नेमकं कशावरून कळलं?"

आता कुठल्याही मास्तरला असा प्रश्न विचारला, की राग जातोच. सर सरसावले. "अहो, दळवी सगळ्यांशी चांगला वागतो. हमालाला औषध आणून देतो, विधवेची विचारपूस करतो. इतका सज्जन माणूस रहस्यकथेत दुसऱ्या कशासाठी ठेवतात?"

वैभवीने चक्क कपाळावर हात मारून घेतला. "खरंच की! आणि सर, कोणाचा अजिबात संशय आला नाही?"

सरांनी थोडा विचार करून एक नाव घेतलं. म्हणाले, "त्याच्यावर कोण घेणार संशय? तो आपला असतो तिथे."

ते नाव मी इथे सांगणार नाही. मी प्रस्तावना लिहीत नाहीये.

खाली उतरलो. हारवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत मी बडबडत होते, की दुसरे कोणी प्रस्तावनाकार मिळतील, कव्हरावर पट्टी चिकटवू, काहीतरी करू. वैभवी मध्येच थांबली.

"ताई, प्रस्तावना राहू दे. खुनी बदलते."

"काय?"

"सर छातीठोक सांगणार, दळवी. वाचक दळवीवर डोळा ठेवून बसणार. आणि खुनी निघणार वेगळाच. सरांनी सांगितलंय म्हटल्यावर दुसरीकडे बघणार कोण?"

मी तिला फूटपाथच्या कडेला ओढलं. "अगं, छपाईला निघालेलं पुस्तक! खुनी म्हणजे काय पडदा आहे बदलायला?"

"दिवाळीच्या पुस्तकप्रदर्शनात येईल, एवढा वेळ मला द्या. नाही जमलं तर तुम्ही पट्टी चिकटवा."

तिची पद्धत मला नंतर कळली. आग कुठून सुरू झाली हे शोधताना सर्व्हेयर शेवटाकडून सुरुवातीकडे जातात. सगळ्यात कमी जळलेल्या जागेपासून निघायचं आणि जास्त जळलेल्या जागेकडे मागे मागे जात राहायचं. वैभवीने आपलं पुस्तक तसंच वाचलं. ‘त्या’ माणसापासून मागे आली. आणि गंमत म्हणजे, फारसं बदलावं लागलंच नाही. तो माणूस प्रत्येक महत्त्वाच्या जागी आधीच हजर होता. तिनेच ठेवला होता, नकळत, कारण खऱ्या वखारीत तसा माणूस असतोच. शेवटची दोन प्रकरणं नवी झाली, बाकी इकडेतिकडे टाके.

रहस्यकथेत एक पथ्य असतं. शेवटी जो पुरावा काढायचा, तो वाचकाच्या डोळ्यांसमोरून आधी गेलेला असला पाहिजे. नाहीतर ती फसवणूक. मी नवा शेवट वाचला आणि विचारलं, "ही मागल्या दाराची गोष्ट वाचकाने आधी कुठे बघितलीय?"

"चौथ्या प्रकरणात होती," वैभवी म्हणाली. "तुम्ही कापलीत. समासात लिहिलंय, ‘अनावश्यक’."

बघितलं तर खरंच! माझंच अक्षर. मुकाट्याने ते वाक्य परत घातलं.

नवा शेवट वाचून अण्णा खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "काय सॉलिड केलंय हो पोरीने!" मग एकदम आवाज खाली आणला. "सरांना आत्ताच काही बोलू नका. छापून टाकू. छापल्यावर काय करणार आहेत?"

मला असा संताप आला म्हणून सांगू! "अण्णा, त्यांनी विश्वासाने लिहून दिलंय. त्यांना चारचौघांत तोंडघशी पाडायचं? माझ्याच्याने होणार नाही."

"आणि त्यांनी प्रस्तावना काढून घेतली तर?"

"तर घेतली. कव्हरं परत छापा."

"परत छापायची तर पुढची दोन विसरा, शुभाबाई. चेष्टा नाही करत."

ते चेष्टा करत नव्हते, हे मला कळत होतं. समुद्राचा दावा, बंदरातलं जहाज, सगळं डोळ्यांपुढे आलं. वैभवीकडे बघितलं. ती म्हणाली, "सरांना दाखवायलाच पाहिजे. त्यांच्याशिवाय हा शेवट झालाच नसता." मग दोघींनी मिळून नव्या प्रकरणांचं पाकीट सरांकडे पाठवलं.

त्यानंतर फोन नाही. आपण करावा तर हिंमत होईना. ऑफिसात फोन वाजला की अण्णा माझ्याकडे बघायचे, मी फोनकडे बघायचे. शेवटी सरांचा फोन आला, एकाच वाक्याचा. "दोघी या."

दार काकूंनी उघडलं. कुजबुजल्या, "काय पाठवलंत ग तुम्ही? दोनदा जेवायला हाक मारली, तर हाताने ‘थांब’ म्हणाले. पानं गार झाली."

सर नेहमीच्या खुर्चीत होते. मांडीवर पाकीट. चेहऱ्यावरून काही कळेना. मी म्हटलं, "सर, तुम्ही म्हणाल तसं. तुमची प्रस्तावना आम्ही—"

"तो?" सर म्हणाले. "तो?! अगं, मी स्वतः सांगितलं, त्याच्यावर कोण संशय घेणार! माझ्याच तोंडून काढून घेतलंस आणि माझ्यावरच उलटवलंस!"

वैभवीचा चेहरा उतरला. आणि सर हसायला लागले. असे हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. कॉलेजात इतकी वर्षं त्यांना बघितलं, कधी दात दिसले नव्हते.

"आयुष्यभर शिकवत आलो, की शेवटाला महत्त्व नसतं," ते म्हणाले. "आणि काल शेवटच्या प्रकरणात पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही. शाळेत असताना असा वाचत बसायचो. किती मजा येते हे विसरूनच गेलो होतो, पोरी."

वैभवी रडली. पाण्याचा ग्लास या वेळी काकूंनी आणला.

मी घाबरत विचारलं, "मग प्रस्तावना, सर?"

"एका अक्षराला हात लावायचा नाही. दळवीच खुनी. ठाम." मग मिश्कीलपणे म्हणाले, "मात्र पुस्तकाच्या शेवटी मला अर्धं पान दे."

त्या अर्ध्या पानावर सरांनी लिहिलं, ‘प्रस्तावनेत मी जे ठामपणे प्रतिपादिले आहे त्यावर विसंबून वाचक येथवर आला असल्यास त्याने मला खुशाल हसावे. मी स्वतः हसलो आहे.’

पुस्तक प्रदर्शनात आलं. पहिला फोन दादरच्या एका वाचनालयातून. ग्रंथपाल बाई तावातावाने बोलत होत्या. "ही काय पद्धत झाली? प्रस्तावनेत खुनी सांगून मोकळे! तुमच्याकडे कोणी संपादक आहे की नाही?"

"आहे. मीच," मी म्हटलं. "बाई, शेवटपर्यंत वाचा."

आठवडाभराने त्यांचाच फोन. "अहो! आणखी प्रती पाठवा. आणि मी सभासदांना सांगून ठेवलंय, प्रस्तावना वाचल्याशिवाय पुस्तक घरी न्यायचं नाही."

वैभवीच्या आईने पुस्तक वाचलं आणि लेकीशी दोन दिवस अबोला धरला, कारण तो माणूस तिचा लाडका होता. जहाजाची कादंबरी प्रेसमध्ये गेली. कव्हरं वाया गेली नाहीत, त्यामुळे पाककृतींचा विषय अण्णांनी परत काढला नाही. वैभवी दुसरी रहस्यकथा लिहितेय. त्यात सज्जन माणूस एकही नाही, असं तिने मला बजावून सांगितलंय.

यातून मी काय शिकले म्हणाल, तर एवढंच. कोणी पुस्तकाचं कौतुक करत असेल, तर संपादकाने ते दोनदा वाचावं. खरी तक्रार त्यातच कुठेतरी असते.

परवा समुद्राच्या दाव्याची संहिता घेऊन सरांकडे गेले. प्रस्तावना पाहिजे म्हटलं. सरांनी गठ्ठा हातात घेतला, चाळला, आणि मागची काही पानं काढून माझ्या हातात परत ठेवली.

"हे काय, सर? शेवटचं प्रकरण आहे ते."

"ठाऊक आहे. ते ठेव तुझ्याकडे," सर म्हणाले. "समुद्र जिंकतो की हरतो, ते मी पुस्तक विकत घेऊन वाचेन."